त्वचेचे वावडे : घरातील प्रसाधने आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी बालरोगांतील एखाद्या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा लसीकरण, दमा, तापातील झटके असे रुळलेले विषय प्रथम डोळ्यांसमोर आले. त्यांवर आपल्यापैकी अनेकांनी पूर्वी उत्तम लिहिले आहे. म्हणून थोडा बाजूला पडलेला विषय निवडला. माझ्याकडे पुरळ, लाली, खाज किंवा सोललेली कातडी घेऊन येणारी मुले वर्षभर असतात. त्यांपैकी बऱ्याच जणांचा विकार बाहेरून आलेला नसतो. तो घरातल्या न्हाणीघरातून, आरशासमोरच्या फळीवरून, कपड्यांच्या ट्रंकेतून, क्वचित देवघरातूनही आलेला असतो. आपल्या सोसायटीतील वैद्यकीय बांधवांना यामागचे शास्त्र ठाऊक आहे. पण डॉक्टरांच्या घरातही बाळाला न्हाऊ-माखू घालण्याचे खाते आजीकडेच असते आणि तिथे आपल्या पदवीला कोणी विचारत नाही. हा लेख मुख्यतः त्या आजींसाठी आणि तरुण आयांसाठी आहे.

नवजात बालकाची त्वचा ही मोठ्या माणसाच्या त्वचेची लहान आवृत्ती नव्हे. तिचा बाहेरचा थर पातळ असतो, त्यातून पाणी लवकर उडून जाते आणि बाहेरचे द्रव्य लवकर आत शिरते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांच्या अडीच ते तीन पट असते. म्हणजे आपण आपल्या अंगाला लावतो तीच वस्तू बाळाला लावली, तर त्याच्या शरीरात जाणारी मात्रा कितीतरी अधिक होते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू सुमारे ५.५ असतो. जन्मतः बाळाची त्वचा जवळजवळ उदासीन असते आणि हे आम्लाचे कवच पहिल्या काही आठवड्यांत तयार होते. नेमक्या याच आठवड्यांत आपण तिच्यावर साबण, डाळीचे पीठ, हळद, तेल, पावडर आणि धुरी यांचा मारा करतो. अंगावर काही लावणे म्हणजे केवळ वरवरची गोष्ट, हा समज किती घातक ठरू शकतो याचे एक दुःखद उदाहरण फ्रान्समध्ये १९७२ साली घडले. एका बेबी पावडरमध्ये चुकीने हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्के इतक्या प्रमाणात मिसळले गेले. पावडर फक्त अंगाला लावली होती; तरी ३६ बालके मृत्युमुखी पडली.

त्वचेचा दाह दोन वेगळ्या वाटांनी होतो आणि हा फरक कळला की पुष्कळ गोंधळ निवळतो. पहिली वाट सरळ इजेची. क्षार, आम्ल, तीव्र साबण, रॉकेल, लसणाचा रस यांसारखी द्रव्ये त्वचेचे थेट नुकसान करतात. त्यासाठी कोणाला वावडे असावे लागत नाही. मात्रा आणि वेळ पुरेशी असली की कोणाचीही कातडी जळजळते. भांडी घासणाऱ्या हातांना पडणाऱ्या भेगा या प्रकारात मोडतात. दुसरी वाट वावड्याची, म्हणजे ॲलर्जीची. येथे शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी द्रव्याला शत्रू समजते. ही ओळख पटण्यास दिवस, महिने, कधी वर्षेही लागतात. पण एकदा पटली की ती बहुधा आयुष्यभर विसरली जात नाही. त्यानंतर त्या द्रव्याचा अल्पसा स्पर्शही पुरतो, आणि पुरळ लगेच न येता एक ते तीन दिवसांनी येते.

म्हणूनच "इतकी वर्षे हेच वापरतो, कधी काही झाले नाही" हे वाक्य ऐकले की मी त्या वस्तूला निर्दोष न ठरवता तिचे नाव संशयितांच्या यादीत वर घेतो. आणि पुरळ आज दिसले म्हणून आज सकाळी खाल्लेल्या वांग्यावर किंवा शेंगदाण्यावर आळ घेण्यापूर्वी परवा काय लावले होते ते विचारतो. वांग्याने आपल्या समाजात विनाकारण फार सोसले आहे.

आता न्हाणीघरात येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नवजात बालकाची पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी. जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकट लेप ही घाण नसून निसर्गाने दिलेले मलम आहे; ते घासून काढू नये. पुढेही पहिले काही महिने साधे कोमट पाणी पुरते, आणि मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्यांपुरता सौम्य साबण. डाळीचे पीठ लावून अंगावरची लव काढण्याची पद्धत आपल्याकडे फार आवडती आहे. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. तिला पिठाच्या गोळीने ओढून काढताना केसांच्या मुळांना इजा होते आणि तिथे पिकलेले फोड येतात. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रवाचे झाकणभर मिश्रण घालणे हीही एक सुशिक्षित सवय आहे. बाळ निर्जंतुक करावयाचे नसते. त्या द्रवाने कोरडी, लालसर, खवल्याची झालेली पाठ मी अनेकदा पाहिली आहे.

तेलाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. मालिश मला स्वतःला प्रिय आहे, तिच्यातील स्पर्शामुळे आणि बाळाच्या झोपेमुळे. प्रश्न तेल कोणते हा आहे. आपल्या भागात उत्तरेकडून आलेल्या प्रभावाने मोहरीचे तेल वापरणारी घरे बरीच आहेत. मोहरीतील झणझणीत द्रव्य त्वचेला चेतवते आणि प्रयोगशाळेतील अभ्यासात या तेलाने त्वचेचे संरक्षक कवच भरून येण्यास विलंब झाल्याचे दिसले आहे; सूर्यफुलाच्या तेलाने उलट मदत झाली. परदेशी नातेवाइकांनी प्रेमाने पाठविलेले ऑलिव्हचे तेलही या बाबतीत फारसे गुणी ठरलेले नाही. आपले खोबरेल चांगले. मात्र ते तेल कडकडीत उन्हाळ्यात थापून ठेवू नये. घामाच्या वाटा बंद होऊन घामोळे येते, आणि घामोळ्यावर पुन्हा पावडर. पावडरचा ढग बाळाच्या नाकातोंडात जातो ही माझी मुख्य हरकत आहे. त्यात २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाल्क या खनिजाचा 'बहुधा कर्ककारक' या गटात समावेश केला. पावडरवाचून बाळाचे काहीही अडत नाही.

पाण्याचा उल्लेख येथे करावाच लागेल, कारण तो खास आपल्या माळव्याचा आहे. काळ्या मातीखालच्या नलिकाकूपांचे पाणी जड असते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून हात आणखी साबण लावतो. आणि साबण व पाण्यातील कॅल्शियम मिळून जो चिकट साका बनतो तो त्वचेवर आणि कपड्यांत राहतो. ज्यांनी १९९० चा उन्हाळा पाहिला आहे त्यांना देवासला रेल्वेने आणलेले पाणी आठवत असेल. त्या काळात कपडे एका पाण्यातून काढण्याची जी काटकसर अंगवळणी पडली, ती नळाला पाणी आल्यावरही काही घरांत टिकून आहे. लंगोटात राहिलेली कपडे धुण्याची पावडर लघवीने पुन्हा विरघळते आणि दिवसभर बाळाच्या कातडीला लागून राहते. इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या भागांतील शाळकरी मुलांत इसब अधिक आढळल्याची नोंद आहे. मात्र नंतर घरोघर पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून पाहिली तेव्हा इसबात विशेष फरक पडला नाही. म्हणून महागड्या यंत्राच्या मागे लागण्यापेक्षा पावडर निम्मी करावी आणि लंगोट तीनदा पाण्यातून काढावे, असे मी सांगतो. पिथमपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या वडिलांचे तेलकट कपडे बाळाच्या झबल्यांसह एका बादलीत भिजवू नयेत, हेही ओघाने आलेच.

लंगोटाच्या जागी जी लाली येते तिच्यात एक सोपी खूण आहे. ओल, लघवी आणि शौच यांच्या संपर्काने आलेली लाली फुगीर भागांवर असते आणि जांघेच्या घडीत कातडी स्वच्छ राहते. घडीतच गडद लाली आणि कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर ती बुरशी समजावी. पहिल्या प्रकारास हवा, कोरडेपणा आणि झिंक ऑक्साईडचे साधे मलम पुरते. अलीकडे ओल्या रुमालांची पाकिटे प्रत्येक पिशवीत असतात. त्यांतील मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नावाचे संरक्षक द्रव्य इतक्या जणांना बाधले, की अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' असे नामाभिधान दिले, आणि युरोपात धुवून न टाकण्याच्या प्रसाधनांत त्याच्या वापरास २०१७ पासून बंदी आली. बाळाच्या बैठकीबरोबरच तोंडाभोवतीही चिवट पुरळ असेल, तर आई त्याच रुमालाने तोंड पुसते का, ते विचारावे. प्रवासात रुमाल ठीक. घरी कापूस आणि पाणी.

आता ज्या वस्तूंविषयी मला खरी भीती वाटते त्यांकडे वळतो. कापूर ही त्यांतील पहिली. खोबरेलात कापूर विरघळवून सर्दीत छातीला चोळणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे औषध आहे. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शोषला जातो, आणि तान्ह्या बाळाला त्याने झटके येऊ शकतात. वाटीतले तेल किंवा डबीतली वडी तोंडात गेली तर धोका आणखी मोठा. दोन वर्षांखालील मुलांना कापूर किंवा तीव्र बाम लावू नये आणि देवघरातील डबी हाताला लागेल अशी ठेवू नये. दुसरी वस्तू डांबरगोळी. मोठ्या भावंडाची झबली, आजोळचे दुपटे वर्षानुवर्षे ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सहवासात असते आणि बारशाला थेट बाळाच्या अंगावर येते. ज्या बालकांत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्यात नॅफ्थलीनच्या या वासानेही तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ते विकर कमी आहे की नाही हे घरी कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा कपडे धुवून, दोन दिवस उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. किंवा डांबरगोळ्या घरात आणूच नयेत. कडुनिंबाचा पाला आमच्या आईच्या काळी पुरत होता.

लसणाचा ठेचा सांधा दुखतो म्हणून, गाठ आली म्हणून किंवा सर्दी आहे म्हणून तळपायाला बांधतात. काही तासांत तिथे भाजल्यासारखा फोड येतो. आणि मग बिब्बा. कोणाच्या कामात मोडता घालण्याला आपण 'बिब्बा घालणे' म्हणतो, इतका त्याचा स्वभाव भाषेला ठाऊक आहे. तरीही त्याचे तेल पायात मोडलेल्या काट्यावर, भेगाळलेल्या टाचेवर, कधी दुखऱ्या पोटावर लावले जाते आणि दृष्ट लागू नये म्हणून तो पाळण्याला बांधला जातो. धार जिल्ह्यातील रानांतून तो बाजारात येतो. त्याच्या काळ्या रसातील द्रव्य त्वचेला चिकटले की काही मिनिटांतच प्रथिनांशी जोडले जाते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र फोड येऊ लागले. शोध घेता धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने केलेल्या खुणांच्या नेमक्या खाली ते फोड होते. १९४३ साली ही हकीकत अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. त्यांच्या देशातील पॉयझन आयव्ही या वेलीत याच कुळातील द्रव्य असते, त्यामुळे त्यांची शरीरे आधीच सावध होती. आपल्याकडे हीच नाती आंब्याच्या चिकाशी आणि काजूच्या टरफलाशी आहेत. कैऱ्या उतरविण्याच्या दिवसांत मुलांच्या ओठांभोवती जे उठते ते उष्णतेने नव्हे, देठाच्या चिकाने. बिब्ब्याचा रस लागलाच तर त्याच क्षणी साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. तासाभरानंतर धुण्याचा उपयोग फार उरत नाही. फोडातले पाणी पसरून नवे फोड येतात ही समजूत मात्र खरी नाही.

आता एका नाजूक विषयावर थोडे विस्ताराने लिहितो. काही वर्षांपूर्वी एक आजी आणि आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला दवाखाना बंद होण्याच्या वेळी, बाकीचे रुग्ण गेल्यावर घेऊन आल्या. मुलीच्या कपाळाच्या मध्यभागी गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. आजींनी तो शब्द उच्चारला नाही; फक्त "त्यातलं तर नाही ना?" असे विचारले. आपल्या समाजात 'कोड' हा शब्द मुलीच्या संदर्भात किती जड आहे हे मी वेगळे सांगावयास नको. त्या डागाची वार्ता घराबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी सात महिने कोणालाच दाखविले नव्हते, आणि डाग झाकावा म्हणून मुलगी त्या सात महिन्यांत रोज अधिकाधिक मोठी टिकली लावीत होती.

डागाचा आकार पाहता संशय टिकलीवरच येत होता. पूर्वीच्या बायका करंड्यातले मेण कपाळाला लावून त्यावर पिंजर किंवा कुंकू लावीत. हळदीला चुन्याची प्रक्रिया करून केलेले ते कुंकू बहुतांशी निरुपद्रवी असे. पुढे बाजारातील कुंकवात कृत्रिम रंग आले आणि कपाळावर खाज, काळवंडलेपणा दिसू लागला. त्यानंतर चिकटणारी टिकली आली आणि तिच्या मागच्या गोंदाबरोबर पॅरा-टर्शियरी-ब्युटाइल-फिनॉल हे रसायन कपाळावर आले. त्याची घडण त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कच्च्या मालाशी, टायरोसीनशी, मिळतीजुळती असते. रंगपेशी त्याला आपले समजून आत घेतात आणि त्यातच मरतात. अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० साली टिकलीच्या गोंदातील मोकळ्या स्वरूपातील या रसायनाने त्वचेचा रंग जातो, हे प्रसिद्ध केले. हा प्रकार त्याआधी दुसरीकडेही दिसला होता: १९३९ साली अमेरिकेतील चामडे कमाविण्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले, आणि त्याचे कारण रबरातील अशाच एका रसायनात सापडले. चामड्याचा मोठा उद्योग असलेल्या देवाससारख्या गावाने तर ही गोष्ट लक्षात ठेवावी. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली पायावर उमटणारे पांढरे पट्टे याच जातीचे. अगदी अलीकडे, २०१३ साली, जपानमधील एका मोठ्या कंपनीला त्वचा उजळविणारी प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली, कारण हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे डाग उमटले होते.

त्या मुलीला टिकली पूर्ण बंद करावयास सांगितले आणि इंदूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. आजींचा आग्रह होता की "हे कोड नाही" असे मी ठामपणे म्हणावे. तसे म्हणता येत नाही. रसायनाने आलेला डाग आणि आपोआप आलेला डाग डोळ्यांनी सारखाच दिसतो, आणि ज्यांच्यात मूळ प्रवृत्ती असते त्यांच्यात रसायन हे निमित्त ठरून डाग इतरत्रही पसरू शकतात. सांगता येते ते एवढेच, की जितक्या लवकर वस्तू बंद होईल तितकी रंग परतण्याची आशा अधिक. आणि तो डाग कोडाचा असला तरी ते संसर्गजन्य नाही, महारोग नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही. दीड वर्षाने तिच्या कपाळावरचा रंग बराचसा भरून आला, कडेला एक फिकट कड राहिली. गेलेले ते सात महिने हाताशी असते तर ती कदाचित राहिली नसती. टिकली लावावयाचीच असेल तर रोज एकाच जागी नको, झोपताना काढून कपाळ धुवावे, आणि खाज किंवा किंचित फिकटपणा दिसताच थांबावे. लहान मुलींना नाच-गाण्याच्या कार्यक्रमाला गंधाची बारीक पेन्सिल पुरते. बाळाच्या काजळाविषयीही तेच. सुरम्यात शिसे असते आणि काजळ घालणाऱ्या बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट लावावयाची हौस असेल तर कानामागे वा तळपायाला लावावी, डोळ्यांना मोकळे सोडावे.

मेंदीचे पान स्वतः सहसा त्रास देत नाही. ते नारिंगी-तांबूस रंगते आणि रंगायला वेळ घेते. लग्नघाईत तासाभरात गडद काळी रंगणारी मेंदी मिळू लागली आहे, तिच्यात केसांच्या कलपातील पॅरा-फिनिलीन-डायअमीन हे द्रव्य मिसळलेले असते. केसांच्या कलपात त्याचे प्रमाण नियमाने मर्यादित असते आणि कलप अर्ध्या तासाने धुतला जातो. मेंदीच्या कोनात किती आहे हे कोणालाच माहीत नसते आणि ती रात्रभर हातावर राहते. आठवड्याभराने नक्षीच्या रेषांवर अचूक फोड उठतात. फोड बरे होतात, पण वावडे राहते. ती मुलगी पुढे कधी कलप लावेल तेव्हा चेहरा सुजून डोळे मिटतील, आणि काही बधिर करणाऱ्या व सल्फायुक्त औषधांनीही तिला त्रास होऊ शकेल. मुलांच्या हाताला काळी मेंदी नको, या एका बाबतीत मी तडजोड करीत नाही.

रंगपंचमीविषयी मी तितका कडक नाही. माळव्यात राहून रंगपंचमी खेळू नका असे सांगणारा डॉक्टर आपली पत गमावतो. टेसूची फुले उकळून केलेला रंग उत्तम, पण मुले जातात तिथे तोच मिळेल याची खात्री नसते. अंगाला आणि केसांना आधी खोबरेल चोळावे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घालावेत, चांदीसारखा चमकणारा आणि ऑइलपेंटसारखा चिकट रंग टाळावा. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत रंगाने जितके नुकसान झालेले असते तितकेच तो काढताना केलेल्या घासण्याने होते. रॉकेल, कपड्यांचा साबण, विटकरीचा तुकडा, सगळे प्रयोग होतात. रंग दोन-चार दिवसांत कातडीबरोबर जातोच. शाळेत एक दिवस हिरवे कान गेले तर बिघडत नाही.

मुलाच्या पुरळाचे कारण मुलाच्या वस्तूंत सापडले नाही तर मोठ्यांच्या वस्तूंत शोधावे. एका बाळाच्या फक्त उजव्या गालावर इसब होते. वडील त्याला नेहमी डाव्या खांद्यावर घेत आणि त्यांच्या गालाला दाढीनंतरचे सुगंधी पाणी असे. आईच्या नखांवरील पॉलिशचे वावडे नखांजवळ न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण बोटे तिथेच फिरतात. कान टोचताना खोट्या धातूचे डूल घातले तर निकेलचे वावडे जडते, आणि मग घड्याळाचे बक्कल, पँटचे बटण, झबल्याची सेफ्टी पिन, सगळेच बोचू लागते. कान टोचताना सोने किंवा शुद्ध चांदी घालण्यात आपल्या पूर्वजांचा व्यवहार होता.

डबीवरच्या शब्दांवर फार विसंबू नये. 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाची व्याख्या ठरविण्याचा अमेरिकेतील औषध प्रशासनाने १९७५ साली प्रयत्न केला. दोन वर्षांत न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि तेव्हापासून तो शब्द कोणीही कशावरही छापू शकतो. 'हर्बल' आणि 'नैसर्गिक' यांचेही तसेच. बिब्बा नैसर्गिकच आहे. कागदी लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेले तर महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी ओघळ उमटतात. दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांना माझा विरोध नाही. पण इसब असलेल्या मुलाला अभ्यंगस्नानातून त्यांपुरती सूट द्यावी. घटकांच्या यादीत 'सुगंध' हा एकच शब्द असतो आणि त्यामागे डझनावारी द्रव्ये दडलेली असतात. म्हणून लहान मुलांसाठी वस्तू निवडताना वास जितका कमी तितके बरे. गोरे करणाऱ्या मलमांविषयी एवढेच सांगतो की २०२१ ते २०२३ या काळात केरळातील कोट्टक्कल येथे मूत्रपिंडाच्या विशिष्ट विकाराचे रुग्ण आले, त्यांतील बहुतेक अशी मलमे वापरत होते आणि त्या मलमांत पाऱ्याचे प्रमाण फार मोठे निघाले. उत्पादकाचे नाव नसलेली डबी घरात येऊ देऊ नये.

एक गोष्ट आपल्याच व्यवसायाला उद्देशून. पुरळ दिसले की औषधाच्या दुकानातून बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेली नळी आणली जाते. दोन दिवसांत लाली जाते, घर खूश होते, आणि पुढच्या वेळी तीच नळी शेजारच्या बाळालाही मिळते. लंगोटाखाली लावलेले स्टेरॉइड दुपटीने शोषले जाते. कातडी कागदासारखी पातळ होते, बुरशी दबून पसरते. २०१८ साली शासनाने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. दुकानदार ती पाळत नाहीत अशी आपली तक्रार असते, पण निम्म्या वेळा त्या नळीचे नाव आपणच फोनवर सांगितलेले असते.

पुरळ आल्यास प्रथम लावणे थांबवावे. बरे करणारे काही नवीन लावण्याआधी असलेले काढावे. साध्या पाण्याने धुवून साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावावे आणि दोन आठवडे बाकी सर्व बंद ठेवावे. नंतर एकेक वस्तू आठवड्याच्या अंतराने परत आणावी. जिच्यामागून पुरळ येईल ती दोषी. नवे मलम किंवा तेल मुलाला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. एका रात्रीची चाचणी अपुरी असते, हे वर सांगितलेल्या उशिराच्या हिशेबावरून ध्यानात येईल. साबण व शॅम्पू मात्र असे लावून ठेवू नयेत, कारण ते कोणालाही जाळतील. फोड, डोळ्यांची सूज, ताप, पू किंवा रंग जाणे यांपैकी काही दिसले तर ही घरगुती परीक्षा करीत बसू नये.

एवढ्यानेही गुन्हेगार सापडला नाही तर पाठीवर चिकटपट्ट्या लावून करावयाची पॅच टेस्ट आहे. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ती प्रथम मांडली आणि आजही मूळ रीत तीच आहे: संशयित द्रव्ये ४८ तास पाठीवर ठेवावयाची, पट्टी काढून पाहावयाचे आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहावयाचे. भारतीय रुग्णांसाठी द्रव्यांचा वेगळा संच आहे. आपल्याकडून त्यासाठी इंदूरला जावे लागते आणि तीन फेऱ्या होतात, म्हणून परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत ती ठरवू नये. त्या दिवसांत पाठ भिजवता येत नाही, तेव्हा घामाचा मे महिनाही टाळावा. जाताना बाळाला आणि घरातल्या मोठ्यांना लागणाऱ्या सर्व बाटल्या, डब्या आणि नळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. ज्यांची वेष्टने फेकून दिली आहेत त्याही न्याव्यात, आणि आजींची पुडी असेल तर ती आधी.